दारावर उलटी टांगलेली कोरफड

माझ्या नातसुनेनं खिडकीत कुंड्या मांडल्या आहेत. एकीत काटेरी गोळा आहे, दुसरीत जाड जाड पानांचं काहीतरी, आणि तिसरीत कोरफड. सकाळ झाली की ही बाई झारी घेऊन हजर. "आजी, गर्मी किती आहे! प्यास लागत असेल ना बिचारीला," असं म्हणत सगळ्यांना भरभरून पाजते. याआधीच्या दोन कोरफडी तिनं अशाच मायेनं मारल्या. मुळं सडून पानं लिबलिबीत झाली तेव्हा म्हणाली, "पाणी कमी पडलं वाटतं." आता काय बोलावं! मी तिथंच खुर्चीत बसलेली असते. झारी कलती झाली रे झाली की मी कुंडीवर आडवा हात धरते. पाणी हातावर पडतं, मांडीवरचं लुगडं भिजतं, नातसून गाल फुगवून आत निघून जाते आणि नातू येऊन सांगतो, "आजी, कशाला करतेस असं? तिला वाईट वाटतं." वाटू दे. म्हातारीचं डोकं फिरलंय असं घरात सगळ्यांचं मत आहे. फिरलेलंच आहे. फक्त ते म्हातारपणी फिरलेलं नाही. माळव्यात, धारेला मामाच्या घरी, परकर नेसायच्या वयात फिरलं ते, आणि तेही एका कोरफडीपायी.

धारेला मी कशी आले ते एका वाक्यात सांगते, कारण त्यापेक्षा जास्त शाई माझ्या वडिलांवर खर्च करायची माझी इच्छा नाही. आई गेली, वर्षाच्या आत वडील बोहल्यावर चढले, आणि नव्या बाईच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून मला मामाकडे पोचवलं. मामाचं घर तलावाकडे जाणार्‍या गल्लीत होतं. पहाटे धोब्यांची कपडे आपटायची थपथप ऐकू यायची, मग धारेश्वराच्या घंटा, मग परसातल्या चिंचेवरच्या पोपटांची भांडणं. दुपारी दरबारची तोफ झाली की जेवायला बसलेली माणसंही एकदा दचकायची आणि मग आपण दचकलोच नाही असं दाखवत भात कालवायला लागायची. धारेच्या आमच्या माणसांचा सगळा स्वभाव त्या एका दचकण्यात होता. दरबाराचं नाव निघालं की पाठ ताठ आणि पोटात गोळा.

मामा दरबारच्या फडणिशीत कारकून होता. घरी मात्र चालणं दिवाणाचं! पगडी एवढी मोठी की दारातून येताना वाकावं लागे, आणि ते वाकणंसुद्धा तो असं करायचा जणू दारावर उपकार. या माणसानं जन्मात स्वतःच्या डोक्यानं एक निर्णय घेतला असेल तर शपथ. भाजीला दोडका आणू की पडवळ, "जिजीला विचार." छपराची कौलं शाकारायची का, "जिजीला विचार." मी त्याला अरे-तुरे करायची, आजोळी ती मुभा असते, आणि एकदा मी विचारलं, "मामा, तुला भूक लागलीय का?" तर या गृहस्थानं खरोखर मान वळवून जिजीकडे पाहिलं!

जिजी म्हणजे मामाची थोरली बहीण, माझ्या आईचीही थोरली. लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली. मामी तिला वन्सं म्हणायची, बाकी सगळी गल्ली जिजी. तिला दुःख असेल. असेलच. पण त्या दुःखाची वसुली तिनं घरातल्या दुसर्‍या बाईकडून केली, म्हणून मला तिची कीव करायला जमलेलं नाही, आणि आता या वयात जमेलसं वाटत नाही. ती सोवळ्यात चुलीपाशी बसून हुकूम सोडायची आणि मामी राबायची. मामीच्या हातून आमटी चांगली झाली की जिजी म्हणायची, "आज चिंच बरी होती." आणि बिघडली की, "बागलीकरीण ती! तिला कुठून येणार!"

मामी बागलीची. तिच्या वडिलांना तिथल्या ठिकाण्यात, म्हणजे जहागिरीत, काम होतं आणि घर मालवी शेजारात होतं, त्यामुळं तिच्या मराठीत मालवी शब्द सहज यायचे. "कंई नी," म्हणायची, म्हणजे काही नाही. जिजीला हे ऐकून कानात उकळतं तेल पडल्यासारखं व्हायचं. धारेची मराठी म्हणजे काय ती शुद्ध! अहो, हीच जिजी भाजीवालीशी भांडताना अशी मालवी झाडायची की भाजीवाली टोपली उचलून पळायची. जिजीच्या एकादशीला मामी माझ्यासाठी गुपचूप बाफले करायची. कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग गोवर्‍यांच्या निखार्‍यात भाजायचे आणि तुपात बुडवायचे. आम्ही दोघी परसात चिंचेखाली बसून वरणाबरोबर ते हाणायचो. आईच्या हाताची चव मला आठवत नाही. मामीच्या बाफल्यांची आठवते.

मामीला मूल नव्हतं. एवढाच तिचा गुन्हा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि जिजीनं मामाच्या दुसर्‍या लग्नाचं टुमणं लावलं होतं. मामाला ना हो म्हणवत होतं, ना नाही. हो म्हणावं तर बायकोच्या डोळ्याला डोळा द्यावा लागेल, नाही म्हणावं तर बहिणीच्या. मग अशा शेळपट माणसांच्या मदतीला जो नेहमी धावून येतो तो आला, म्हणजे ज्योतिषी. शास्त्रीबुवा आमच्याकडे येताना जेवणाची वेळ कधी चुकवत नसत. ग्रहांची गती चुकली असेल, पण चुलीवरून भात उतरायची वेळ कधी नाही. त्यांनी ढेकर देऊन तोड काढली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला मुळासकट कोरफड उपटून आणायची, लाल दोर्‍यानं बांधून माजघराच्या दारावर उलटी टांगायची, मुळं वर आणि पानं खाली. कोरफड तशी माळव्यात घरोघरी टांगतात, दृष्ट लागू नये म्हणून, आणि टांगली की विसरून जातात. शास्त्रीबुवांनी तिला न्यायाधीश केलं. "आखातीजेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पाहायचं. सुकली, तर या सुनेच्या पायानं घराची वाढ खुंटली असं समजावं आणि विष्णूपंतांनी दुसरा संसार मांडावा. हिरवी राहून फुटली, तर आहे हीच लक्ष्मी."

"आणि पहिलीचं काय करायचं?" मामानं विचारलं. मामी दाराआड उभी आहे हे त्याला ठाऊक होतं.

"काय करायचं म्हणजे? बागलीला बाप आहे की तिचा," जिजी म्हणाली. "सुखानं राहील तिथं आपल्या भिल्लांत."

मला आठवतं, मी दाराआड मामीच्या निर्‍या घट्ट धरून उभी होते. दुसरी बाई घरात आली की काय होतं ते मला कुणी शिकवायला नको होतं. मामी बागलीला गेली तर मला कोण ठेवणार? वडिलांकडे नवी आई होती, इथं नवी मामी येणार होती, आणि मधल्या रस्त्यावर मी. मामी मात्र पुढं झाली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "वन्सं, ती वनस्पती आहे. तिला काय कळतंय माझ्या पोटातलं?"

"तोंड चालवू नकोस. तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं!" जिजी म्हणाली. आणि टांगली कोरफड.

त्या दिवसापासून त्या बिचार्‍या कोरफडीचे जे हाल सुरू झाले ते काय सांगू. आपल्या दैवाचा निकाल झाडावर सोपवणारी माणसं निदान त्या झाडाला तरी मोकळं सोडतील की नाही? छे! मामाच्या मनाला टोचणी लागली होती, बोलायची हिंमत नव्हती, म्हणून तो कोरफडीची सेवा करायला लागला. सकाळी आंघोळ झाली की ओल्या पंच्यानं, तांब्या घेऊन, चोरासारखा माजघराच्या दाराशी यायचा, पाटावर चढायचा आणि वरच्या मुळांवर पाणी ओतायचा. उलट्या झाडाला घातलेलं पाणी राहणार कुठं? सरळ खाली उंबर्‍यावर. मग त्यानं अक्कल लढवली आणि मुळांना ओलं फडकं गुंडाळलं. घामाघूम होऊन खाली उतरला तेव्हा चेहर्‍यावर असं पुण्य की जणू गंगा आणली. पलीकडून जिजीला ती सुकलेली हवी होती. तिनं रोज संध्याकाळी कोरफडीखाली धुपाटणं ठेवायला सुरुवात केली, त्यात मोहरी, मिरच्या, मीठ. म्हणे दृष्ट काढते. सगळं घर खोकायचं. एकजण तिला बुडवत होता, दुसरी धुरात कोंडत होती, आणि दोघंही एकमेकांना दिसलं की देवघराकडे पाहून हात जोडत होते. ढोंगी मेले!

संक्रांत झाली आणि कोरफडीचं लक्षण ठीक दिसेना. पानं मऊ पडली, बुंध्याशी तपकिरी डाग आला, आणि एक दिवस शास्त्रीबुवा दारातून आत येत असताना त्यांच्या शेंडीवर पिवळट पाण्याचा थेंब पडला. "वास येतोय," ते म्हणाले. जिजी म्हणाली, "येणारच. आत काय साचलंय ते बाहेर पडतंय." मी परसात जाऊन रडले. मामीनं मला तिथं पाहिलं, माझे डोळे पुसले, आणि आत येऊन पाट ओढला. वर चढून तिनं ते ओलं फडकं काढलं, सडलेली मुळं विळ्यानं साफ केली, वर चुलीतली राख चोळली आणि झाड दाराच्या उजव्या बाजूला, वरच्या झरोक्यातून उजेड येतो तिथं सरकवून टांगलं.

"आता काय घालायचं तिला?" मी विचारलं.

"कंई नी. हिला काही लागत नाही, बनू. पाणी हिच्या अंगातच असतं, पानापानात साठवलेलं. थोडा उजेड मिळाला, वारा लागला, बस झालं. बाकी हिच्यापासून लांब राहायचं. तेवढंच कुणाला जमत नाही बघ."

दुसर्‍या दिवशी सकाळी मामा तांब्या घेऊन आला तेव्हा मामी दारातच उभी होती. मी न्याहारीला बसले होते, पोह्यांचा घास हातात तसाच राहिला. मामी हळूच म्हणाली, "पाणी घालू नका. सडतेय ती."

"अगं, मी तर तुझ्यासाठीच..." मामा पुटपुटला.

"माझ्यासाठी करायचंय ना? मग वन्संना एक वाक्य बोला. दुसरं लग्न करणार नाही, एवढंच. कोरफडीला काय पाजताय?"

मामानं तांब्याकडे पाहिलं, देवघराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ते पाणी तुळशीला घालून, पगडी चढवून, नेहमीपेक्षा लवकर कचेरीत निघून गेला. एक वाक्य! त्यासाठी काही तलवार लागत नव्हती. मी तेव्हापासून मामाला मनातल्या मनात गोगलगाय म्हणायला लागले, आणि पुढे मोठी झाल्यावर तोंडावरही म्हटलं.

मामानं भीतीनं पाणी सोडलं. जिजीच्या धुपाटण्यातल्या मिरच्या मी रोज संध्याकाळी आधीच काढून परसात फेकायची आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. कोरफडीला कुणी हात लावेना, आणि म्हणूनच ती सावरली. पानं पुन्हा टणक झाली, टोकं हळूहळू वळून उजेडाकडे, वरच्या दिशेला उचलली गेली. होळी झाल्यावर एक दिवस केस विंचरून घेताना माझं लक्ष वर गेलं आणि मी किंचाळले. बुंध्याशी, मुळांच्या बाजूला, करंगळीएवढं हिरवं पिल्लू फुटलं होतं! मातीशिवाय, पाण्याशिवाय, उलट्या टांगलेल्या अवस्थेत! मी घरभर नाचले. "फुटली! फुटली! मामी जिंकली!" मामीसुद्धा हसली. मामानं तर आनंदानं पगडी काढून हातात घेतली. बिचार्‍याला वाटलं, सुटलो, आता काहीच बोलावं लागणार नाही.

जिजीनं शास्त्रीबुवांना बोलावणं पाठवलं. शास्त्रीबुवांनी आधी फणसाची भाजी संपवली, मग पाटावर चढून पिल्लाकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "स्पष्ट आहे. जुन्या खोडाच्या शेजारी नवं रोप. म्हणजे या घरात दुसरी येणार."

त्या क्षणी मला जे वाटलं ते मी आज साठ-पासष्ट वर्षांनीही शिव्या न देता लिहू शकत नाही, म्हणून लिहीत नाही. सुकली तरी दुसरी, फुटली तरी दुसरी! मग हे सोंग कशाला केलं मेल्यांनो? मामानं पगडी पुन्हा डोक्यावर ठेवली. जिजीनं शास्त्रीबुवांना तूप वाढलं. आणि मामी? ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसून ती भांडी घासायला गेली.

स्थळ देवासचं निघालं. देवास म्हणजे तेव्हा एका गावात दोन राजे. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. दोन दरबार, दोन कचेर्‍या, दोन्हीकडचे कारकून एकमेकांना नाकं मुरडणारे. ज्या गावात सगळंच दोन-दोन, तिथल्या माणसाला एका घरात दोन बायका का खटकाव्यात? मुलीचा बाप थोरल्या पातीत नोकरीला होता. गलमिशा, गळ्यात उपरणं आणि बोलण्यात "आमच्या थोरल्या पातीत" हे पालुपद. त्याला आम्ही देवासकरच म्हणायचो. तो आणि त्याचा मेहुणा घर बघायला चैत्रात आले. आले त्या संध्याकाळी जिजीनं शास्त्रीबुवांना मध्ये बसवून, आपण दाराआडून, कोरफडीचं सगळं माहात्म्य त्यांना ऐकवलं. घरावरची, घरातल्या माणसांवरची, वांझपणाची, सगळी सगळी दृष्ट हिनं कशी आत ओढून घेतली आहे, पान अन् पान त्यानं कसं भरलं आहे, आणि हे पिल्लू म्हणजे साक्षात त्यांची लेक. देवासकरांनी वर पाहून पिल्लाला नमस्कार केला. बापानं लेकीला केलेला असा नमस्कार मी पहिल्यांदाच पाहिला.

"उद्याचा स्वयंपाक मी करते," मामी म्हणाली.

"आली ताळ्यावर," जिजी मला म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं. बागलीच्या माणसाला ओळखायला तिनं कधी कष्टच घेतले नव्हते.

सकाळी पुरुषमंडळी तलावावर आंघोळीला गेली आणि जिजी जपाला बसली. मामीनं मला हाक मारली. पाट ओढला, वर चढली, आणि विळ्यानं लाल दोर्‍याच्या खालून कोरफड कापून घेतली. आधी तिनं पिल्लू अलगद सोडवलं. "हे धर. ओच्यात झाक." मग दारावर आंब्याच्या पानांचं असं गच्च तोरण बांधलं की वरचं काही दिसू नये. पाहुण्यांसाठी तोरण बांधलं म्हणून जिजी उलट खूष झाली. चुलीपाशी बसून मामीनं पानांच्या कडांचे काटे काढले, पानं कापून टोपात उभी करून ठेवली, त्यातला पिवळा चीक सगळा निथळू दिला, मग साल सोलून आतल्या गराच्या फोडी केल्या, मिठाच्या पाण्यात उकडल्या, पुन्हा धुतल्या. बागलीला उन्हाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की तिची आई ही करायची म्हणे. मालवी शेजारणींनी शिकवलेली. फोडणीत मेथीदाणे आणि बडीशेप, वरून कैरी, गूळ, लाल तिखट. मी घाबरले होते, तरी त्या वासानं तोंडाला पाणी सुटलं.

"मामी, तुला हाकलतील गं."

"ते तर हाकलतच आहेत. मग उपाशी कशाला जाऊ?"

पंगत बसली. पुरणपोळी, कटाची आमटी, आंब्याची डाळ, पन्हं, आणि पानाच्या उजव्या बाजूला ती भाजी. देवासकरांनी पहिला घास घेतला आणि थांबले. "वा!" ते म्हणाले. "आमच्या थोरल्या पातीत अशी भाजी कुणी खाल्ली नसेल." पुन्हा मागितली. मग पुन्हा. मेहुण्यानं मागितली. शास्त्रीबुवांनी तर पुरणपोळी बाजूला सारून भाजीवरच ताव मारला. मामाही मुकाट्यानं खात होता, मान खाली घालून, पण खात होता. आता ओळखायचा खेळ सुरू झाला. एकजण म्हणाला भोपळा, दुसरा म्हणाला कैरीचाच काही प्रकार. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून सांगितलं, "कोहळा."

दाराआडून जिजीचा आवाज आला. "सांग की गं. पाहुणे विचारताहेत. कशाची भाजी?"

मामी हातात पळी घेऊन पंगतीच्या मधोमध उभी होती. "घरचीच आहे, वन्सं," ती म्हणाली. "दारावरची."

मामाचं डोकं सगळ्यांत आधी वर गेलं. तो उठला, उष्ट्या हातानंच तोरण बाजूला केलं. लाल दोरा तेवढा लोंबत होता. आतून जिजीनं जी किंकाळी फोडली ती धोब्यांनी तलावावर ऐकली असेल. देवासकरांचा घास ओठांशी थांबला होता, तो त्यांनी हळूच पानात ठेवला.

"म्हणजे... काल ज्याच्यात ती सगळी दृष्ट..."

"हो," मामी म्हणाली. "इतके महिने त्या बिचारीनं साठवली. वाया कशाला घालवायची? आणि शास्त्रीबुवा, पोथीत जरा बघून ठेवा, पोटात गेल्यावर काय फळ मिळतं ते. सगळ्यांत जास्त तुम्हीच घेतलीत."

शास्त्रीबुवा परसाकडे पळाले. देवासकर आपोष्णी न घेताच उठले. गलमिशांना भाजी लागली होती आणि त्यांचा आवाज चिरकला होता. "या बाईच्या हाताखाली माझी मुलगी देऊ? उद्या तिलाच चिरून फोडणीला टाकेल! चला!" मेहुणा उपरणं विसरून त्यांच्या मागे पळाला. दमणीचे बैल जुंपेपर्यंतसुद्धा ते दोघं ओट्यावर थांबले नाहीत, गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. वाटेत त्यांना पोटाचा फार त्रास झाला असं पुढे कळलं. "चीक मी नीट काढला होता," मामी म्हणाली. "भीतीनं झालं असेल."

घरात मग जिजी बाहेर आली. एवढी वर्षं पाहुण्यांशी ज्या दाराआडून ती बोलत होती त्या दारातून बाहेर आली आणि म्हणाली, "विष्णू, हिला आजच्या आज बागलीला पोचव. आत्ताच्या आत्ता. उठ."

मामी पळी घेऊन तशीच उभी होती. मी तिच्या मागे. सगळं तिथं येऊन थांबलं होतं. मामा काय बोलतो यावर तिचं घर आणि माझं घर. मामा उठला नाही. उलट तो पाटावर नीट बसला, पान पुढे ओढलं, जिजीकडे पाहिलं नाही, मामीकडे पाहिलं नाही, आणि म्हणाला, "भाजी आहे का गं अजून?"

बस. हेच त्या माणसाचं आयुष्यातलं शौर्य. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं ते म्हणाले, पाहा, शेवटी तो बायकोच्या बाजूनं उभा राहिला. उभा कुठला? बसलाच होता! एक वाक्य मागितलं होतं तिनं, तर यानं भाजी मागितली. पण जिजीला तेवढं पुरलं. ती भिंतीला धरून आत गेली आणि पुन्हा दुसर्‍या लग्नाचं नाव तिनं काढलं नाही. काढून उपयोगही नव्हता. ती गोष्ट देवासला गेली, तिथून हाटपिपल्यापर्यंत पोचली, आणि आमच्या घरात मुलगी द्यायला माळव्यात कुणी तयार होईना.

मामीनं मामाच्या रिकाम्या पानाकडे पाहिलं. "संपली," ती म्हणाली. कढईत भाजी होती. मी पाहिली होती. दुपारी आम्ही दोघींनी ती परसात चिंचेखाली भाकरीबरोबर खाल्ली.

ते पिल्लू मामीनं फुटक्या माठाच्या बुडात, रेती घालून लावलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. आणि दुसर्‍याच दिवशी सकाळी मामा आंघोळ करून, ओल्या पंच्यानं, तांब्या घेऊन खिडकीशी आला. मामीनं माठावर आडवा हात धरला. तो वळून तुळशीकडे गेला. पुढच्या सकाळी पुन्हा आला. पुन्हा आडवा हात. हे किती वर्षं चाललं म्हणून सांगू! माझं लग्न झालं, मी बाळंतपणाला आले, जिजी गेली, मामाची नोकरी संपली, पगडी खुंटीवर गेली. कधीही धारेला जावं तर सकाळी हेच चित्र. तो तांब्या घेऊन यायचा आणि ती हात आडवा धरायची. त्याला काय म्हणायचं होतं ते तिला कळत होतं, आणि ते त्यानं तोंडानं म्हणावं म्हणून ती थांबली होती. कोरफड मात्र मजेत होती. तिला पिल्लांवर पिल्लं येत होती.

मामी गेली तेव्हा मी धारेलाच होते. दिवसवार उरकले, माणसं पांगली. सकाळी मी चुलीपाशी होते. मामा आंघोळ करून आला, हातात तांब्या. खिडकीशी उभा राहिला. नेहमीच्या सवयीनं थांबला, तिचा हात येईल म्हणून. मग त्यानं तांब्या कलता केला, आणि पाणी पडत राहिलं, रेतीतून, फटीतून, भिंतीवरून खाली. "करणार नव्हतो गं मी दुसरं," तो कोरफडीला म्हणाला. मी होते तिथून उठले नाही. दुसर्‍या दिवशी त्यानं पुन्हा पाणी घातलं, तिसर्‍या दिवशीही. मी निघताना एक पिल्लू तेवढं काढून घेतलं. पावसाळ्यात पुन्हा गेले तेव्हा माठात नुसता चिखल होता, आणि मामा त्यालाच पाणी घालत होता.